ऱ्हायनोस्पोरिडिओसिस: नाकातून घशात उतरलेली एक गाठ

रुग्ण २३ वर्षांचा तरुण, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका गावातला. घर तलावावर चालतं: पावसाळ्यात शिंगाड्याची लागवड, दसरा-दिवाळीपासून तोडणी, बाकीचे दिवस मासेमारी. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. आजाराचा प्रवास मात्र जसा झाला तसा सांगते आहे.

उजव्या नाकपुडीचा त्रास दीड वर्षापासून होता. सुरुवातीला शिंकरताना रक्ताचा एखादा ठिपका दिसायचा, पुढे आठवड्यातून एक-दोनदा घोळणा फुटू लागला. उन्हाळ्यात घोळणा फुटणं आपल्याकडे कुणी आजार मानत नाही. डोक्यावर गार पाणी, नाकाला कांदा, आणि माणूस पुन्हा कामाला. पण गेल्या तीन महिन्यांत घशात काहीतरी लोंबतंय आणि गिळताना वर-खाली होतंय असं त्याला जाणवू लागलं. रात्री घोरणं वाढलं, आवाज गेंगाणा झाला, आणि जेवताना ठसका लागायला लागला तेव्हा घरचे घाबरले.

त्याआधी वर्षभरापूर्वी जवळच्या शहरात एकदा गाठ काढून झाली होती. सोबतच्या कागदावर ‘नेझल पॉलिप (नाकाच्या अस्तरातून वाढलेला मऊ कोंब), काढला’ एवढंच. काढलेला तुकडा कुठे तपासला, काय निघालं, याची नोंद नाही, कारण तो पाठवलाच नव्हता. सहा महिने नाक मोकळं राहिलं आणि मग पुन्हा भरत आलं. बाप सोबत आला होता, त्याचा पहिला प्रश्न हाच: “म्याडम, एक डाव काढलं ना जी मास. मंग परत काहून आलं?”

प्रश्न अगदी नेमका होता. या आख्ख्या प्रकरणाचं उत्तर त्यात दडलेलं आहे.

पाहिलं तेव्हा

उजव्या नाकपुडीत, तळाला लागून, गुलाबी-लाल खडबडीत गाठ होती. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट-पिवळे ठिपके विखुरलेले. पाठ्यपुस्तकं या रूपाला स्ट्रॉबेरीची उपमा देतात आणि ती चपखल आहे. कापसाच्या काडीने हलकेच स्पर्श केला तरी रक्त आलं. मग जीभ दाबून घसा पाहिला. पडजिभेच्या मागे, मऊ टाळूच्या कडेखालून दुसरा लाल गोळा डोकावत होता. उमासा आला की तो खाली यायचा आणि परत वर सरकायचा. त्याच्यावरही तेच ठिपके.

साधा पॉलिप असा नसतो. तो फिकट, गुळगुळीत, ओलसर चकाकणारा असतो, आणि स्पर्श केला तर सहसा रक्त येत नाही. ठिपके तर त्याला नसतातच. ते ठिपके म्हणजे नाकात अशा गाठी उगवणाऱ्या ऱ्हायनोस्पोरिडिओसिस या आजाराच्या जंतूच्या पिकलेल्या, बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या, स्पोरँजिया. नुसत्या डोळ्यांना जंतूचं घर दिसावं असे आजार माणसात फार थोडे. हा त्यातला एक आहे, आणि म्हणूनच पहिल्या वेळी तो कुणाच्या लक्षात आला नाही याची मला जास्त हळहळ वाटते.

दुर्बिणीने आत गेल्यावर चित्र स्पष्ट झालं. पुढची गाठ खालच्या टर्बिनेटवर (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या हाडाच्या वळीवर) आणि नाकाच्या तळावर रुजलेली, तर घशात उतरलेल्या गोळ्याचा देठ नाकाच्या पडद्याच्या मागच्या टोकाशी आणि नाकामागच्या पोकळीत. म्हणजे एकच गाठ वाढत घशात आली नव्हती, मुळं दोन ठिकाणी होती. डावी बाजू स्वच्छ. स्वरयंत्र स्वच्छ. डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून अश्रुपिशवीतून रक्त किंवा पू येतो का ते पाहिलं, अंगावर कुठे फोड-गाठी आहेत का तेही. काही सापडलं नाही. हा आजार बहुतेक वेळा नाकातच राहतो, पण त्याचं दुसरं आवडतं ठिकाण डोळा आहे. क्वचित तो त्वचेवर, हाडात किंवा शरीरात दूरवरही पसरतो. त्यामुळे ही पाहणी टाळून चालत नाही.

मग विचारलं, आंघोळ कुठे करतोस?

“तलावातच जी. सारेच करतात.”

तलाव

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. भंडारा-गोंदियाचा हा पट्टा तलावांचाच आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले असे हजारो तलाव आणि शेतातल्या छोट्या बोड्या इथे आहेत. धानाची शेती त्यांच्यावर चालते. मासेमारी संस्था तलाव भाड्याने घेतात, आणि ढिवर या मासेमार समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्यात उतरतात. त्याच पाण्यात म्हशी बसतात, कपडे धुतले जातात, मुलं पोहतात.

शिंगाड्याचं काम पाहिलं नसेल तर त्यातला धोका लक्षात येणार नाही. वेल पाण्यावर पसरलेले असतात आणि मुळं तळाच्या चिखलात. लागवडीच्या वेळी माणूस छातीभर पाण्यात उभा राहून, पायाच्या अंगठ्याने रोप चिखलात रोवतो. तोडणीला कुणी डोंग्यातून जातो, कुणी ट्यूबवर पोट टेकवून. फळाला काटे असतात, पानं उलटी करून फळं खुडायची असतात, त्यामुळे तोंड पाण्याच्या अगदी जवळ. घाम आला, नाकात खाज सुटली की चिखलाचा हात नाकात जातो. आमचा रुग्ण सांगत होता की जाळं अडकलं तर तो बुडी मारून सोडवतो, आणि हे काम त्याच्याकडेच येतं कारण तो गटातला चांगला पाणबुड्या.

साचलेलं पाणी, गुरं, बुडी मारणारा तरुण, एका बाजूची रक्त येणारी नाकपुडी. निदानाकडे बोट दाखवायला एवढं पुरेसं आहे. भारत आणि श्रीलंका मिळून जगातले बहुतेक रुग्ण इथेच सापडतात. तमिळनाडू, केरळ, पश्चिम बंगाल, ओडिशा, छत्तीसगड हे त्याचे ओळखीचे प्रदेश. छत्तीसगडची सीमा आमच्यापासून लांब नाही, आणि पाण्याची रीत दोन्हीकडे तीच. पुरुषांमध्ये तो बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि रुग्ण बहुधा पंधरा ते चाळीस या कामाच्या वयातले असतात.

दुसरं काय असू शकलं असतं

ठिपके कितीही बोलके असले तरी घाई करून चालणार नव्हतं. तरुण मुलगा, नाकाच्या मागच्या पोकळीत गाठ आणि वरचेवर रक्तस्राव म्हटलं की अँजिओफायब्रोमा मनात यायलाच हवा. ती गाठ कर्करोगाची नसते, पण रक्तवाहिन्यांनी इतकी भरलेली असते की ओपीडीत तिचा तुकडा घ्यायला गेलं तर रक्त आवरता आवरत नाही. म्हणून आधी कॉन्ट्रास्ट (रक्ताने भरलेले भाग स्कॅनमध्ये उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन केला. गाठीत कॉन्ट्रास्ट भरून आला नाही, हाड कुठे खाल्लेलं नव्हतं, टाळूमागच्या ज्या खळग्यातून अँजिओफायब्रोमा सुरू होतो तो मोकळा होता. मगच पुढच्या गाठीच्या पृष्ठभागावरून खरवडून काचपट्टीवर नमुना घेतला.

कुटुंबाच्या मनात वेगळीच भीती होती. बापाने दबक्या आवाजात विचारलं, ही काळी बुरशी तर नाही? २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने काय केलं ते विदर्भात प्रत्येकाने जवळून पाहिलं आहे. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. तेव्हापासून नाकातलं काहीही म्हटलं की माणसं थरारतात. त्याला समजावून सांगितलं: काळी बुरशी दिवसांत पसरते, रक्तवाहिन्या बंद पाडते, मांस काळं पडतं, आणि ती बहुधा साखर हाताबाहेर गेलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला गाठते. हा मुलगा धडधाकट आहे, साखर नॉर्मल आहे, आणि ही गाठ दीड वर्ष जागच्या जागी वाढते आहे. बापाचे खांदे तेव्हा कुठे सैल झाले.

नावाच्या सारखेपणामुळे ऱ्हायनोस्क्लेरोमाशी गोंधळ होतो. तो क्लेबसिएला जातीच्या जिवाणूमुळे होणारा, तोही दुर्मीळ आणि तोही नाकातून घशापर्यंत जाणारा आजार. पण त्यात नाक आतून कडक होत जातं, खपल्या धरतात, दुर्गंधी येते, आणि त्यावर महिनोन्‌महिने प्रतिजैविकं द्यावी लागतात. आमच्या रुग्णात यातलं काहीच नव्हतं.

काचपट्टीवर गोल, जाड भिंतीचे बीजाणू दिसले आणि निदान जवळजवळ पक्कं झालं. शिक्कामोर्तब शस्त्रक्रियेनंतरच्या तुकड्याने व्हायचं होतं.

शस्त्रक्रिया

आधीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन ९.६ निघालं. वर्षभर थेंब थेंब गेलेल्या रक्ताचा हा हिशेब. पूर्व विदर्भात भुलीआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी केल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. ती निगेटिव्ह आली. पुढे द्यायच्या गोळ्यांसाठी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची पातळीही तेव्हाच पाहून घेतली, तीही ठीक होती. एक रक्ताची पिशवी राखून ठेवली.

भूल देणाऱ्या सहकाऱ्यांशी आदल्या दिवशी बसून बोलणं झालं, कारण खरी जोखीम तिथे होती. घशात लोंबणारी गाठ ठिसूळ असते. नळी घालताना ती तुटली तर तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि रक्तही. म्हणून नळी तोंडातून, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने समोर बघत बघत, सक्शन हाताशी ठेवून घातली आणि लगेच घशात पॅक, म्हणजे रक्त खाली जाऊ नये म्हणून पट्टीचा बोळा, बसवला.

‘परत काहून आलं’ याचं उत्तर शस्त्रक्रियेच्या पद्धतीत आहे. साधा पॉलिप पकडून ओढला तरी चालून जातं. ही गाठ ओढली तर तिचा वरचा भाग हातात येतो आणि मूळ जागेवर राहतं. शिवाय ओढाताणीत पिशव्या फुटतात, बीजाणू आजूबाजूच्या ओरखडलेल्या अस्तरावर सांडतात आणि तिथे नवीन गाठी रुजू शकतात. म्हणून आधी देठ शोधायचा, देठाभोवतीच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तराची कड सोबत घ्यायची, आणि तळ कॉटरीने, म्हणजे विजेच्या चटक्याने, जाळायचा. पुढची गाठ दुर्बिणीतून अशी काढली. मागच्या गोळ्यासाठी नाकातून रबरी नळी घालून तोंडातून बाहेर काढली आणि तिच्या ताणाने मऊ टाळू पुढे ओढून धरला. दुर्बीण नाकातून, हत्यार तोंडातून, असं दोन बाजूंनी काम करत देठ कापला आणि गोळा तोंडावाटे अख्खा बाहेर घेतला. हातात घेतल्यावर तो साधारण चार सेंटिमीटर लांब भरला, पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च. नाकामागच्या पोकळीतला तळ कानाच्या नळीच्या तोंडापासून जेमतेम काही मिलिमीटरवर होता, त्यामुळे कॉटरी तिथे हात राखूनच वापरावी लागली. पुढे काही परत आलं तर इथेच येईल, असं मी तेव्हाच टिपून ठेवलं.

रक्तस्राव अंदाजे २५० मिलिलिटर झाला. राखून ठेवलेली पिशवी लागली नाही. दोन्ही गाठी वेगवेगळ्या डब्यांत, फॉर्मॅलिनमध्ये, जागा लिहून पॅथॉलॉजीला गेल्या.

काचेखाली

पॅथॉलॉजिस्टने स्लाइड पाहायला बोलावून घेतलं. अस्तराखाली वेगवेगळ्या वयाच्या पिशव्या होत्या. छोट्या, एकच केंद्रक असलेल्या आत खोल, तर मोठ्या, बीजाणूंनी ठासून भरलेल्या पृष्ठभागाकडे. एक पिशवी नेमकी फुटताना पकडली गेली होती आणि तिच्या तोंडातून बीजाणू अस्तरावर सांडलेले दिसत होते. पिकलेल्या पिशवीचा व्यास काही शे मायक्रॉन होतो, आणि एकेका पिशवीत हजारो बीजाणू असतात. भोवती शरीराच्या संरक्षक पेशी: लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, अधूनमधून महाकाय पेशी. शरीर लढत असतं, पण या लढाईत गाठ जिरत नाही, हे या आजाराचं वैशिष्ट्य. कॉक्सिडिऑइड्स नावाची अमेरिकेतली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली थोडी अशीच दिसते, पण तिच्या पिशव्या कितीतरी लहान असतात, आणि म्युसिकार्मिनचा रंग तिच्या भिंतीला धरत नाही. आमच्या स्लाइडवर तो धरला होता.

अहवाल: ऱ्हायनोस्पोरिडिओसिस, दोन्ही नमुन्यांत.

एक वर्षापूर्वी काढलेला तुकडा असाच एका डब्यात घालून पाठवला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. दुसरी शस्त्रक्रिया टळली असती असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण नीट काढूनही हा आजार परत येतो. पण मूळ शोधून जाळलं गेलं असतं, गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या, आणि तलावाविषयी कुणीतरी विचारलं असतं. नाकातून काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही साधी दिसो, तपासणीला गेलीच पाहिजे. हे मत मी प्रत्येक परिषदेत मांडते आणि इथेही मांडते.

जंतू कुठला?

या जंतूची कहाणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अजून पुरी झालेली नाही. ब्यूनोस आयर्समध्ये ग्विलेर्मो सीबर यांनी १९०० मध्ये नाकाच्या पॉलिपमध्ये तो वर्णिला आणि तो एकपेशीय प्राणी असावा असं मानलं. कलकत्त्याचा एक रुग्ण ओकिनीली यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. १९२३ मध्ये ॲशवर्थ यांनी त्याचं जीवनचक्र मांडलं आणि त्याला बुरशीत बसवलं. पुढे अनेक दशकं वैद्यकाचे विद्यार्थी तो बुरशीच्या धड्यात वाचत आले, तरी बुरशीवरची औषधं त्याच्यावर चालत नाहीत हा पेच कायम होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची जनुकं तपासली गेली तेव्हा तो बुरशी नसून मेसोमायसिटोझोआ या गटातला निघाला. प्राणी आणि बुरशी यांच्या फाट्याजवळचा हा गट, आणि त्यातले त्याचे जवळचे नातलग माशांचे परजीवी.

हे ऐकून रुग्णाचा बाप लगेच म्हणाला, म्हणजे मासोळीपासून झालं का जी? प्रश्न स्वाभाविक होता आणि उत्तर जपून द्यायला हवं होतं. नातं जनुकांचं आहे. मासे खाऊन किंवा हाताळून हा आजार होतो असा पुरावा नाही. मासोळीचा धंदा चालू ठेवायला हरकत नाही. सांभाळायचं ते पाण्यात डोकं घालणं. एवढं सांगितल्यावर तो माणूस मनापासून निश्चिंत झाला, कारण गावात हे बोलणं पसरलं असतं तर त्यांच्या मासोळीला गिऱ्हाईक मिळालं नसतं.

पाण्याशी असलेलं नातं महाराष्ट्रातच नोंदवलं गेलं आहे. नोरोन्हा यांनी १९३३ मध्ये पुण्यातल्या वाळू उपसणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार असल्याचं लिहिलं. नदीच्या पात्रात बुडी मारून वाळू काढायची, वाळूच्या कणांनी नाकाचं अस्तर खरवडायचं, आणि त्या जखमेतून पाण्यातला जंतू आत शिरायचा, अशी त्यामागची कल्पना आजही टिकून आहे. शिंगाड्याच्या तलावात वाळूऐवजी चिखल आणि काटे आहेत. गुरांना, घोड्यांना, कुत्र्यांना आणि पाणपक्ष्यांनाही हा आजार होतो. माणसाकडून माणसाला मात्र तो लागल्याचं आढळलेलं नाही, त्यामुळे वेगळं ताट, वेगळा टॉवेल, वेगळी खोली यातल्या कशाचीच गरज नाही. हे वाक्य मी कुटुंबाला तीनदा सांगितलं, कारण तोवर शेजाऱ्यांनी पोराच्या शेजारी बसणं सोडलं होतं.

प्रयोगशाळेत हा जंतू अजून खात्रीने वाढवता आलेला नाही. त्यामुळे कुठलं औषध त्याला मारतं हे बशीत करून बघता येत नाही, आणि तलावाचं पाणी तपासून ‘इथे आहे, तिथे नाही’ असं सांगणारी सोपी चाचणीही नाही. त्याच तलावात रोज डुंबणाऱ्या धाकट्या भावाला काहीच कसं झालं नाही, याचंही समाधानकारक उत्तर शास्त्राकडे नाही.

गोळ्यांवरून उठलेलं वादळ

शस्त्रक्रियेनंतर डॅप्सोन सुरू केलं, रोज १०० मिलिग्रॅम. ते गाठ विरघळवत नाही. पिशव्या पिकण्याची क्रिया ते थोपवतं आणि आजूबाजूला तंतुमय ऊती वाढायला मदत करतं असं मानलं जातं. मोठ्या, काटेकोर चाचण्यांचा आधार त्याला नाही, पण वारंवार उगवणाऱ्या किंवा एकाहून जास्त जागी रुजलेल्या गाठींत बहुतेक सर्जन ते वापरतात. आमच्या रुग्णात ही दोन्ही कारणं होती.

तिसऱ्या दिवशी आई एकटीच ओपीडीत आली. डोळे रडून लाल झालेले. औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगितलं होतं की ही महारोगाची गोळी आहे. पदराखालून गोळ्यांची पट्टी काढून तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “खरं सांगा म्याडम, माह्या पोराले तोच रोग हाय का? सोयरीक जमत आली हाय त्याची.”

विदर्भात ही भीती पोकळ नाही. कुष्ठरोगाने माणसांची घरं, गावं, नाती तोडलेली या मातीने पाहिली आहेत. डॅप्सोन कुष्ठरोगाच्या बहुऔषधी पाकिटात असतं हेही खरं. तिला पॅथॉलॉजीचा कागद दाखवला, वाचून दाखवला, आणि एकच औषध कितीतरी आजारांना चालतं हे तिच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचं उदाहरण देऊन सांगितलं. मग कागदावर मराठीत लिहून दिलं: हा आजार कुष्ठरोग नाही, संसर्गजन्य नाही, लग्नाला बाधा नाही; खाली सही आणि शिक्का. तो कागद नंतर मुलीच्या घरी दाखवला गेला आणि सोयरीक टिकली. हे बोलणं गोळ्या लिहून देतानाच व्हायला हवं. डॅप्सोन लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ते आधीच करावं, कारण रुग्णाने गोळ्या गटारात फेकल्या तर नंतरचं समजावणं वाया जातं.

तोटे सांगायलाच हवेत. रक्त फुटून हिमोग्लोबिन उतरू शकतं, ओठ-नखं निळसर होऊ शकतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत ताप, अंगावर पुरळ आणि कावीळ असं एकत्र दिसलं तर गोळी त्या क्षणी बंद करून दवाखाना गाठायचा. सोबत लोहाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.६ वरून तीन महिन्यांत ११.८ वर गेलं. गोळ्या वर्षभर चालल्या.

कामाचं काय

‘तलावात जाऊ नको’ असं लिहून देणं सोपं होतं. पण त्याचा अर्थ त्या घरासाठी ‘कमावू नको’ असा होतो, आणि असा सल्ला कुणी पाळत नाही. म्हणून रुग्ण, बाप आणि मासेमारी संस्थेचे अध्यक्ष यांच्यासोबत बसून काय बदलता येईल ते ठरवलं. बुडी मारायचं काम एक वर्ष दुसऱ्याकडे. तो डोंग्यात बसून जाळं ओढेल. शिंगाड्याच्या लागवडीला उतरणार नाही, तोडणी डोंग्यातून. आंघोळ घरच्या बोअरच्या पाण्याने. काम संपल्यावर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं, आणि नाकात बोट न घालणं. नाक धुतल्याने आजार टळतो असं सिद्ध झालेलं नाही हे मी त्यांना सांगितलं. पण खपल्या निघून जातात, अस्तर शाबूत राहतं, आणि ओरखड्याविना जंतूला शिरायला वाट अवघड होते, एवढं मानायला जागा आहे.

अध्यक्षांनी एक गोष्ट स्वतःहून सुचवली. गुरं ज्या बाजूने उतरतात ती बाजू आणि माणसांचा घाट वेगळा करायचा. एका तलावावर ते झालं, दुसऱ्यावर अजून वाद चालू आहे कारण पाण्याकडे जायची वाट एकाच्या शेतातून जाते.

तिसऱ्या महिन्यात दुर्बिणीने नाक आणि घसा दोन्ही स्वच्छ दिसले. आठव्या महिन्यात खालच्या टर्बिनेटवर मोहरीएवढा लाल दाणा सापडला. मी ज्या जागेची धास्ती घेतली होती ती नाकामागची पोकळी कोरडी ठणठणीत, आणि परत आलं ते पुढे, सहज हाती लागेल अशा ठिकाणी. जागा बधिर करून ओपीडीतच काढला, तळ जाळला, तुकडा पाठवला. अहवाल तोच. रुग्णाला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. रक्त नाही, अडथळा नाही. तो तपासणीला आला नसता तर वर्षभराने पुन्हा भूल द्यावी लागली असती. दुसरं वर्ष उलटलं तेव्हा नाकात आणि घशात काहीही नव्हतं, घोरणं थांबलेलं होतं आणि त्याचं लग्न झालेलं होतं.

त्याच घाटावरची आणखी एक

संस्थेच्या सभेला आम्ही दुर्बीण आणि टॉर्च घेऊन गेलो. ज्यांच्या एका नाकपुडीतून वरचेवर रक्त येतं त्यांनी पुढे यावं, असं सांगितलं. नाकाच्या तक्रारी असलेली दोन-चार माणसं आली, त्यांच्यात साध्या खपल्या आणि वाकडा पडदा निघाला. पण एका आजीने दहा-अकरा वर्षांच्या नातीला पुढे केलं. तिचं नाक ठीक होतं, डोळा लाल होता. ‘डोळे आले’ म्हणून पाच महिने थेंब चालू होते, कधी कधी सकाळी उशीवर रक्ताचा डाग दिसायचा. खालची पापणी उलटली तर आत देठावर लोंबणारी, वाटाण्याहून लहान लाल गाठ, आणि तिच्यावर पांढरे ठिपके.

तिला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. गाठ देठासकट काढली, तळ जाळला, तुकडा पॅथॉलॉजीला गेला आणि अहवालात तेच नाव आलं. पापणीतली एकच, बारीक देठाची गाठ पूर्ण निघाली तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं, म्हणून तिला डॅप्सोन दिलं नाही. अश्रुपिशवी मोकळी आहे हे पाणी सोडून पाहिलं. सहा महिन्यांनी दोन्ही डोळे आणि नाक पुन्हा तपासायचं ठरलं आहे, आणि मधल्या काळात उशीवर डाग दिसला तर तारखेची वाट न बघता यायचं हे आजीला सांगून ठेवलं आहे.